देवाच्या तपेलीतला रस

आमच्या आत्याचा आयुष्यात दोन गोष्टींवर पूर्ण भरवसा होता, एक देवावर आणि दुसरा तांब्यावर. माणसांचं तिला फारसं खरं वाटत नसे.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. लग्न होऊन थोड्याच वर्षांत नवरा वारला आणि ती भावाच्या घरी आली, ती कायमची. आमचं घर सोलापुरातलं, त्यामुळं भाषा दोन. वडील बहिणीशी कानडीत बोलत, आईशी मराठीत, आणि रागावले म्हणजे दोन्हींत. आईचं माहेर मोहोळकडचं, शेतकरी घराणं. सासरी येऊन ती कानडी शिकली, पण भांडायची वेळ आली की मराठीवरच यायची. आई आणि वडील आत्याला अक्का म्हणत. आम्ही दोनच भावंडं, मी नऊ-दहा वर्षांची आणि भाऊ पाच-सहाचा. कानडीत धाकट्या भावाला तम्मा म्हणतात, म्हणून मी त्याला तम्मा म्हणायची, आणि बघता बघता तो साऱ्या गल्लीचाच तम्मा झाला. ही गोष्ट एकोणीसशे तीस साल उजाडायच्या थोडी आधीची.

आत्याची मडी फार कडक. मडी म्हणजे सोवळं. पहाटे गिरणीचा भोंगा व्हायच्या आत तिची आंघोळ उरकलेली असे. ओल्या लुगड्यानं ती देवाच्या कोपऱ्यात बसायची, कपाळभर विभूती लावायची, तळहातावर लिंग घेऊन पूजा करायची, आणि ती उठेपर्यंत आम्ही कोणी त्या बाजूला फिरकायचं नाही. चुकून माझ्या परकराचं टोक जरी लागलं तरी ती पुन्हा बादलीकडं निघायची. थंडीच्या दिवसांत तिला असं दोनदा गार पाण्यानं न्हावं लागायचं आणि त्याचा दोष अर्थात माझ्यावर यायचा. मला तिचा राग यायचा, आणि खरं सांगायचं तर मी तिला भ्यायचेही. तम्माला मात्र सगळं माफ होतं. तो धावत जाऊन तिच्या ओल्या मांडीवर बसला तरी लहान लेकरू म्हणजे देवच की, असं म्हणून ती त्याला विभूती लावायची.

देवाच्या कोपऱ्यात तिची स्वतःची भांडी असत. तांब्याची एक तपेली, एक पळी आणि पाण्याचा गडवा. ती तिच्याशिवाय कोणी घासायची नाहीत. चिंचेचा कोळ आणि चुलीतली राख लावून ती रोज अशी घासायची की त्यांत तोंड दिसावं. स्वयंपाकघरातल्या पितळी भांड्यांना वर्षातून दोनदा कल्हई व्हायची. कल्हईवाला गल्लीच्या तोंडाशी खड्डा करून भाता लावायचा, घराघरांतून भांडी निघायची आणि आईही आमची पातेली घेऊन जायची. कारण साधं होतं. बिनकल्हईच्या पितळेत ताक, आमटी, काही आंबट ठेवलं की ते कळकतं, आणि कळकलेलं खाल्लं की माणूस ओकतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

पण आत्या आपली भांडी त्या भट्टीवर कधी जाऊ द्यायची नाही. तिचं म्हणणं, ज्या कापसाच्या बोळ्यानं त्यानं सकाळी कुणाचं मटणाचं पातेलं पुसलं, त्याच बोळ्यानं तो माझ्या देवाची तपेली पुसणार काय? आणि तांब्याला कल्हई लागतेच कशाला? पितळ कळकतं, तांबं पवित्र. शिवाच्या माथ्यावर गळती असते ती तांब्याची, तीर्थ ठेवतात तेही तांब्यात. ती असं म्हणाली की पुढं कुणाला बोलता यायचं नाही, आणि बोलायचं कारणही नव्हतं. त्या तपेलीत पाण्याशिवाय काही जातच नव्हतं.

दिवाळी झाली आणि तम्मा तापानं पडला. आधी वाटलं थंडी बाधली. आठवडा उलटला तरी अंग निवेना, तेव्हा वडिलांनी टांगा पाठवून डॉक्टरांना आणलं. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली आणि मुदतीचा ताप आहे म्हणाले. त्या काळी ह्या तापावर औषध नव्हतंच म्हटलं तरी चालेल. अंग पुसायचं, पातळ काहीतरी पोटात घालायचं आणि मुदत संपायची वाट बघायची. आदल्याच साली आमच्या गल्लीत ह्याच तापानं एक तरणाताठा मुलगा गेला होता. त्यामुळं चौकशीला येणारं माणूस आधी आईच्या तोंडाकडं बघायचं आणि मगच काय ते विचारायचं.

पुढं ताप उतरू लागला. तम्माच्या हातापायांच्या काड्या झाल्या होत्या, पण डोळ्यांत जरा तेज आलं होतं. संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत मला खांद्यावर घ्याल ना, असं तो वडिलांना विचारायला लागला. डॉक्टर म्हणाले, आता ताकद यायला हवी. चावायचं काही देऊ नका, पण डाळिंबाचा रस काढून दिवसभर थोडा थोडा पाजा. हे ऐकून आत्या पुढं आली. हे काम माझं, म्हणाली.

तिनं ते कसं केलं हे सांगायला हवं, कारण तिच्याइतकं मनापासून दुसऱ्या कुणी केलं नसतं. पहाटे न्हाऊन ओल्या अंगानं ती डाळिंबं फोडायची, दाणे धुतलेल्या फडक्यात बांधायची आणि पिळून रस तपेलीत धरायची. आधी देवाला दाखवायची, मग तपेलीवर ओलं फडकं झाकून ती देवाच्याच कोपऱ्यात ठेवायची. दिवसा मडी राहत नाही, म्हणून रस पहाटे एकदाच निघायचा आणि दिवेलागणीपर्यंत पुरवायचा. थोड्या थोड्या वेळानं ती तम्माच्या उशाशी येऊन पळीनं त्याच्या तोंडात रस सोडायची आणि पदरानं त्याचे ओठ टिपायची. घरात दुसऱ्या कुणाला त्यातला थेंब मिळायचा नाही. मी एकदा फडक्यातला चोथा चघळला तर तिनं माझ्या पाठीत धपाटा घातला. स्वतः तर तिनं त्या मोसमात डाळिंबाचा एक दाणाही तोंडात टाकला नव्हता.

दोन-तीन दिवसांत तम्मा ओकायला लागला. सकाळची पळी जिरायची. दुपारची कधी जिरायची, कधी नाही. संध्याकाळची घेतली की पोटात कळ येऊन सगळं बाहेर. तो म्हणायचा, आत्या, पैसा चाटल्यासारखं लागतंय. आत्या म्हणायची, तापाच्या तोंडाला सगळं तसंच लागतं राजा, आणि त्याच्या जिभेवर खडीसाखर ठेवायची. आईलाही ते पटत होतं. संध्याकाळी अंग कोमट लागायचंच, तेव्हा उलटीही तापामुळंच, असा सगळ्यांनी मेळ बसवला. डॉक्टरांनाही ताप उलटला असावा असं वाटलं. पोटात ठरत नसलं तरी रस बंद करू नका, उलट वाढवा, थोडा तरी अंगी लागेल, असं ते सांगून गेले. झालं. आत्या दुसऱ्या दिवसापासून आणखी डाळिंबं पिळू लागली.

तम्मा खंगत चालला. उठवून बसवलं तर मान धरेना. जत्रेचं विचारायचं त्यानं सोडून दिलं. एके दिवशी निघताना डॉक्टर वडिलांना ओट्यावर घेऊन गेले आणि हळू आवाजात काही बोलले. वडील आत आले, टोपी खुंटीला लावली, पुन्हा काढली, आणि दुकानात न जाता परसात जाऊन उभे राहिले. तम्मा आपल्यातून जाणार, हे मला त्या दिवशी कळलं. कुणी सांगितलं नाही. मी अंथरुणाच्या पायथ्याशी बसून त्याची पावलं दोन्ही हातांत धरून ठेवली होती. मला वाटायचं, सोडली तर जाईल. जेवायला हाक आली तरी मी उठले नाही.

वडिलांचं सुताचं आणि रंगाचं छोटं दुकान होतं. शहरातले तेलुगू विणकर आणि रंगारी त्यांच्याकडून सूत न्यायचे, रंगाचे डबे न्यायचे. रंगाच्या कढयांचं पाणी गावाबाहेरच्या नाल्यात जायचं. तो नाला कधी हिरवा वाहायचा, कधी लाल, कधी निळा, आणि आम्हा पोरांना त्याची मोठी गंमत वाटायची. नाल्याच्या त्या अंगाला फळांचे मळे होते. आमच्याकडं डाळिंबं देणारी बाई तिकडूनच टोपली घेऊन यायची. वडिलांच्या डोक्यात तेच शिरलं. दुकानातले काही रंग पोटात गेले तर माणूस वाचत नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. नाल्याचं पाणी झाडाला, झाडातलं फळाला, फळातलं पोराच्या पोटाला, असं त्यांनी जुळवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी ती बाई ओट्याशी आली तेव्हा वडिलांनी सारी गल्ली गोळा होईल अशा आवाजात तिला सुनावलं. तुझ्या नाल्याच्या डाळिंबांनी माझं पोरगं मारायला घेतलंस, म्हणाले. तिनं टोपली उचलली आणि गेली. वडिलांनी मंडईतून दुसरी डाळिंबं आणली. आत्यानं ती पिळली, आणि संध्याकाळी तम्मा ओकला. तरी वडील हट्ट सोडीनात. मंडईतली तरी कुठली, तिकडचीच, म्हणाले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात तसं झालं होतं, पण चोर कोण हे तेव्हा कुणालाच दिसत नव्हतं.

थोड्या दिवसांनी भर दुपारी ती बाई परत आली. वडील दुकानात होते. आई दारात गेली, मी तिच्या मागं. आमच्या ओट्यावरचं बोलणं गल्लीतून गल्लीत गेलं होतं आणि तिची टोपली आता कुणी उतरवून घेईना. आपला मळा विहिरीवरचा आहे, नाल्याचा थेंब त्याला लागत नाही, असं ती दारोदार सांगत फिरली होती. कुणी ऐकून घेतलं नव्हतं. ती ओट्यावर बसली आणि मांडीवर डाळिंब घेतलं.

"माज्या डाळिंबात इख हाय म्हनं," ती म्हणाली. "मी हितंच बसून खाते, बाई. मेले तर मेले."

तिनं डाळिंब फोडलं आणि मूठभर दाणे तोंडात टाकले. आतून तम्माचं कण्हणं ऐकू आलं. तिनं विचारलं, त्योच व्हय? आईनं मान हलवली. बाई जरा वेळ चावायची थांबली. मग तिनं उरलेलं अर्धं डाळिंब आईपुढं धरलं.

"लेकराला हातानं द्या की दानं. रस चोखू द्या, बी थुकू द्या. म्या खाल्लं त्यातलंच हाय हे."

आत्या मधल्या दारात येऊन उभी होती. डॉक्टरांनी दाणे द्यायचे नाहीत असं बजावलंय, ती म्हणाली, आणि तिचं म्हणणं बरोबरच होतं. आई म्हणाली, गिळू देत नाही, अक्का. असं म्हणून ती आत गेली, तम्माची मान हातावर घेतली आणि एकेक दाणा त्याच्या ओठांत ठेवू लागली. मी त्याच्या हनुवटीखाली ताटली धरली. तो दाणा जिभेनं दाबायचा, चोखायचा आणि बी बाहेर सोडायचा. थोडे दाणे झाल्यावर त्यानं डोळे उघडले आणि म्हणाला, हे गोड आहे.

त्या दिवशी आईनं आत्याला तपेलीतला रस देऊ दिला नाही. आज एवढंच पुरे, म्हणाली. बाई ओट्यावरून हलली नाही. उन्हं उतरली, तम्मा ओकला नाही. दिवे लागले तरी ओकला नाही. तेव्हा ती उठली, टोपलीतली चांगली चांगली डाळिंबं निवडून उंबऱ्याशी ठेवली आणि निघून गेली. आई ती डाळिंबं पदरात घेऊन कितीतरी वेळ दारातच उभी होती.

आईनं कुणाला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे आत्यानं नेहमीसारखा रस काढून ठेवला. आई म्हणाली, तुमचे गुडघे दुखताहेत, आता पाजायचं मी बघते. मग तिनं ओसरीवरच्या फळीवरून चहाचा कप घेतला. चिनी मातीच्या कपबश्या तेव्हा आमच्या स्वयंपाकघरात यायच्या नाहीत. दुकानाची माणसं घरी आली तर त्यांच्यासाठी त्या बाहेर ठेवलेल्या असत आणि आत्या त्यांच्याकडं बघायचीसुद्धा नाही. त्या कपात आई लागेल तेवढाच रस लागेल तेव्हा पिळायची. आत्या देवळात गेली की तपेलीतला रस परसातल्या कर्दळीच्या मुळाशी ओतायची आणि आत्यानं विचारलं की सगळा दिला म्हणून सांगायची. मला तिनं नुसत्या डोळ्यांनी गप्प केलं होतं. आईला खोटं बोलताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि मला ते फार आवडलं.

तम्मा ओकायचा थांबला. त्याच्या पोटातली कळ गेली. उशीला टेकून बसवा, असं तो आपणहून म्हणाला. मग एका दुपारी आईनं रिकामी केलेली तपेली खिडकीशी नेली आणि मलाही बोलावून दाखवली. जिथवर रस राहिला होता तिथवर तांबं नुकतंच घासल्यासारखं गुलाबी दिसत होतं आणि त्याच्या वरचं तेच तांबं मंद पडलेलं होतं. काठाच्या दुमडीत, जिथं आत्याचं बोट पोचत नव्हतं, तिथं बारीक हिरवी कळक बसली होती. आई खूप वेळ त्या हिरव्या रेघेकडं बघत राहिली. आपलेच दात आणि आपलेच ओठ, एवढंच ती म्हणाली. तपेली तिनं पुसून पुन्हा देवाच्या कोपऱ्यात ठेवली.

पण घरात कप किती दिवस लपणार? एका दुपारी आत्या देवळातून लवकर परतली आणि तम्माच्या तोंडाशी तिनं तो कप पाहिला. तपेली कोपऱ्यात भरलेलीच होती, आईनं अजून ओतली नव्हती. मला वाटलं आता घर डोक्यावर घेणार. पण तिचा आवाज अगदी बारीक झाला. माझ्या हातचं नको झालं का, तिनं विचारलं. आईनं कप खाली ठेवला आणि काय झालं ते सगळं सांगितलं, बाईचे दाणे, कप, कर्दळ, काहीही न लपवता.

"तांब्याची बाधा कशी होईल गं?" आत्या म्हणाली. "देवापुढं ठेवलेला रस की तो."

"पाण्याला नाही होत, अक्का. हे आंबट आहे. चिंच लावली की तुमची तपेली लखलखते. वरचं तांबं निघतं म्हणूनच लखलखते ना? ते निघालेलं तांबं जातं कुठं?"

आत्या देवाच्या कोपऱ्याकडं गेली. तिनं तपेलीवरचं फडकं बाजूला केलं, तपेली उचलली, तोंडाला लावली आणि पहाटेपासून राहिलेला तो रस उभ्यानं पिऊन टाकला. आई पुढं झाली, पण देवाच्या कोपऱ्यातल्या भांड्याला तिच्यादेखत हात लावायची सवय आमच्यापैकी कुणालाच नव्हती, त्यामुळं ती मध्येच थांबली. आत्यानं तपेली खाली ठेवली. तिचा तेव्हाचा चेहरा मला अजून दिसतो. त्यावर राग नव्हता. तोंडातल्या चवीकडं तिचं सगळं लक्ष लागलं होतं. पैसा चाटल्यासारखं, असं ती स्वतःशीच पुटपुटली आणि खाली बसली.

दिवे लागायच्या आत तिच्या पोटात मुरडा आला. ती परसात जाऊन ओकली, परत आली, पुन्हा गेली. आईनं तिला धरून आणलं, भिंतीशी निजवलं, कपाळ चोळलं. आत्या आईचा हात घट्ट धरून रडत होती. आपल्या पोटाचं तिला काही वाटत नव्हतं. माझ्या हातानं गेला असता गं, माझ्या हातानं, एवढंच ती परत परत म्हणत होती. त्या संध्याकाळी मला तिची कीव आली आणि तिच्याविषयीची माझी भीतीही बहुतेक तेव्हाच गेली. मी तिच्या पायांशी जाऊन बसले. मडीचं कुणी काही काढलं नाही.

वडील घरी आले, त्यांना सगळं कळलं. ते बहिणीशेजारी बसले आणि कानडीत तिला काहीतरी हळू हळू समजावत राहिले. नंतर आईला म्हणाले, मला वाटलं होतं आपल्याच रंगानं घात केला. त्यांच्या रागाच्या पोटात एवढी भीती होती हे आम्हाला तेव्हा समजलं. सकाळी ते दुकान न उघडता त्या बाईच्या मळ्यात गेले. काय बोलले ते त्यांनी सांगितलं नाही, पण दुसऱ्या दिवशी तिला सगळ्या गल्लीदेखत ओट्यावर बसवून त्यांनी आख्खी टोपली उतरवून घेतली आणि शेजारपाजारी स्वतःच्या हातानं डाळिंबं वाटली. डॉक्टर आले तेव्हा त्यांनी तपेली उजेडात फिरवून पाहिली. आंबट फळाचा रस ह्यात ठेवत जाऊ नका, एवढं सांगून त्यांनी हात धुतले.

नाल्याचं पाणी काही गंगाजल होतं अशातला भाग नाही. त्या पाण्यावरच्या भाज्यांना पुढं मी स्वतः कधी हात लावला नाही आणि माझ्या मुलांनाही लावू दिला नाही. पण त्या खेपेला घात नाल्यानं केला नव्हता. तो आमच्या घरातल्या सगळ्यात स्वच्छ भांड्यानं केला होता, आणि ते भांडं इतकं स्वच्छ ठेवणाऱ्या बाईचा जीव ज्याच्यात गुंतला होता त्याच्यावरच केला होता. हे मनाशी नीट मान्य करायला मला बरीच वर्षं लागली.

आत्या दोन दिवसांनी उठली, पण तम्माच्या अंथरुणाकडं जाईना. त्यानं हाक मारली की ती दारातूनच विचारायची, काय पाहिजे राजा, आणि आईला पाठवायची. त्याचं पाणीसुद्धा ती भरून द्यायची नाही. तपेली तिनं पालथी घालून ठेवली होती. पूजा चालू होती, विभूती चालू होती, पण पूजा झाल्यावर ती आपले दोन्ही तळहात मांडीवर उघडे ठेवून त्यांच्याकडं बघत बसायची. आईनं किती समजावलं. तुम्ही मायेनंच केलं की अक्का, म्हणाली. आत्या म्हणायची, मायेनं केलं म्हणूनच कुणाला संशय आला नाही.

मग एके दिवशी डॉक्टरांनी तम्माला मऊ भात द्यायला सांगितलं. इतक्या आठवड्यांनी घरात त्याच्यासाठी भात शिजला. आईनं कल्हईच्या पातेल्यात तो मऊ केला, वर थोडं तूप आणि मीठ घातलं आणि ताटली घेऊन त्याच्यापुढं बसली. तम्मानं तोंड मिटून घेतलं. आत्या भरवणार, म्हणाला. आईनं समजावलं, मी समजावलं, वडिलांनी जत्रेचं आमिष दाखवलं. त्याच्या अंगात नुकताच जीव आला होता आणि तो सगळा त्यानं त्या हट्टाला लावला. शेवटी आईनं ताटली उचलली, आत्यापुढं नेऊन ठेवली आणि ती चुलीकडं निघून गेली.

आत्यानं आधी पदर खोचला. मग उठून हात धुतले, ताटली घेतली आणि त्याच्या उशाशी येऊन बसली. बोटांनी भात कालवला. पहिला घास तिनं उचलला, तम्मानं तोंड उघडलं, आणि तिनं तो घास स्वतःच्या तोंडात घातला. मी बघतच राहिले. आमच्या घरात चव बघायचीसुद्धा सोय नव्हती, मीठ कमी की जास्त ते देवाला दाखवून पानं वाढल्यावरच कळायचं. तिनं घास गिळला आणि भाताचा हात तसाच ताटलीत ठेवून बसून राहिली. डोळे मिटून घेतले होते. आपल्या पोटात काही होतंय का, ते ती बघत होती.

"आत्या, भूक लागली," तम्मा म्हणाला.

"थांब राजा. थोडं थांब."

वडील ओसरीवरून आत आले होते. ते दारातच उभे राहिले. भातावरचं तूप थिजलं. तम्मा तिच्या गुडघ्यावर हात ठेवून तिच्या तोंडाकडं बघत होता. बाहेर गिरणीचा भोंगा झाला, माणसं घराकडं निघाल्याचा आवाज आला, तरी ती बसून होती. मग तिनं डोळे उघडले, त्याच उष्ट्या हातानं दुसरा घास केला आणि त्याच्या तोंडाशी नेला.

"आता खा," आत्या म्हणाली.

भात पार गार झाला होता. तम्मानं सगळा खाल्ला.